सकाळी आवाज बसतो? आधी रात्रीचं सांगा

आमच्याकडे आवाजाच्या व्यायामासाठी शिक्षक येतात, कोचिंगवाले येतात, गाणं शिकणाऱ्या मुली येतात, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारे कापड दुकानदार येतात. तक्रार बहुतेकांची सारखीच असते. सकाळी आवाज घोगरा, दहा-अकराला जरा सुटतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावं लागतं, वरचे सूर लागत नाहीत. ॲसिडिटीचं नाव काढलं की उत्तरही ठरलेलं: "पण माझ्या छातीत कधी जळजळत नाही हो!"

जळजळ नसली तरी आम्ल घशापर्यंत येऊ शकतं. अन्ननलिकेचं अस्तर थोडंफार आम्ल सोसतं. तिच्या तोंडाशीच बसलेल्या स्वरयंत्राला ती सवय नाही. आम्लाबरोबर पेप्सिन नावाचं पाचक एन्झाइमही वर येतं आणि तिथल्या नाजूक अस्तराला त्रास देतं. सूज बहुधा स्वरयंत्राच्या मागच्या भागात दिसते. सुजलेले स्वरतंतू नीट मिटत नाहीत, कफ साचल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस खाकरतो. खाकरताना तंतू एकमेकांवर आपटतात आणि सूज वाढते. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात तुमचे पैसे आणि आमची वेळ दोन्ही जातात. आमच्या फॉर्मवर 'रात्रीचं जेवण किती वाजता?' असं विचारलेलं असतं. सगळे लिहितात, आठ. खोटं कोणी लिहीत नाही. पण त्यानंतर? सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की आमच्या इंदूरचा सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, जागा होतो. भुट्ट्याचा किस, थंडीत गराडू (तळलेला कंद), वर रबडी, आणि बाराला घरी येऊन थेट अंथरूण. "ते काय जेवण थोडंच!" म्हणतात. पोटाला तो फरक कळत नाही. शेवटच्या घासानंतर निदान तीन तास आडवं व्हायचं नाही, मग तो घास पोळीचा असो की गराडूचा. हे न पाळता महिनाभर व्यायाम करून "फरकच नाही" म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिले. सराफा सोडा असं आम्ही म्हणणार नाही, आम्हीही इंदूरचेच. जायचं त्या दिवशी घरी जेवू नका, लवकर जा, आणि रोज जाऊ नका.

घसा मोकळा व्हावा म्हणून चघळलेल्या पुदिन्याच्या गोळ्यांनी जठराच्या तोंडाची झडप सैल पडू शकते. गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही. दोन उशा घेतल्या तर मान वाकते, पोट दुमडतं. त्यापेक्षा पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवून १५ ते २० सेंटिमीटर उंच करा आणि डाव्या कुशीवर झोपा. ॲसिडिटीची गोळी डॉक्टर ठरवतील; मात्र नेहमीच्या गोळ्यांपैकी बऱ्याच नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात आणि आमची मंडळी त्या पोहे-जलेबी झाल्यावर घेतात. घशाची सूज हळू उतरते. दोन-तीन महिने धरून चाला.

व्यायामाआधी आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांचा दुर्बिणीचा रिपोर्ट मागतो. त्यावरून कुजबुज होते, कमिशन असेल म्हणून. नाही. तुमच्या पसंतीच्या कोणत्याही तज्ज्ञाकडून आणा. घसा लाल दिसला म्हणजे ॲसिडिटीच असं नाही. ॲलर्जी असते, तंतूंवर गाठी असतात, नुसतं अति बोलणंही असतं. न पाहता व्यायाम देणं आम्हाला सोपं आहे, पण आम्ही देत नाही. तीन-चार आठवडे आवाज बसलेलाच असेल तर तपासणी टाळू नका. तंबाखू-गुटखा असेल तर त्याहूनही लवकर जा. गिळायला त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा श्वास अडकणं यांपैकी काहीही असेल तर आमच्याकडे न येता सरळ डॉक्टरांकडे जा.

काउंटरवर सात दिवसांची छोटी वही फुकट मिळते. काय खाल्लं, किती वाजता, कधी आडवे झालात, सकाळी आवाज कसा होता, एवढंच लिहायचं. ती भरून आणणाऱ्यांना पहिल्या बैठकीत अर्धा तास जास्त देतो, त्याचे पैसे नाहीत. वहीत रात्री टीव्हीसमोर खाल्लेली शेवही लिहा. इंदुरात तिला कोणी खाण्यात धरत नाही, म्हणून वेगळं सांगावं लागतं.