संविधान दिन २६ नोव्हेंबरलाच का, आणि त्यात पुण्याचं काय?

दरवर्षी २६ नोव्हेंबरला पुण्यात कलेक्टर ऑफिसजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी गर्दी होते, शाळांमधे उद्देशिका वाचतात, पण सुट्टी नसते ना, त्यामुळे बऱ्याच जणांना हा दिवस कधी येऊन गेला ते कळतही नाही. आणि विचारलं तर उत्तर येतं की संविधान तर २६ जानेवारीचं.

तर २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेनं ते स्वीकारलं, ही तारीख उद्देशिकेतच छापलेली आहे. लागू झालं २६ जानेवारी १९५० ला, कारण १९३० मधे त्याच तारखेला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती आणि ती तारीख वाया जाऊ द्यायची नव्हती. मधल्या काळात २६ नोव्हेंबर तसा वकिलांपुरताच राहिला, १९७९ पासून सुप्रीम कोर्टाचे वकील तो लॉ डे म्हणून पाळायचे. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या वर्षात, २०१५ मधे, केंद्र सरकारनं तो संविधान दिन म्हणून जाहीर केला.

आता पुण्याचं. विद्यापीठातल्या जयकर लायब्ररीत पोरं रात्र रात्र एमपीएससीचं पॉलिटी, म्हणजे राज्यघटनेचा विषय, घोकतात, पण हे जयकर कोण ते विचारा. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि त्याआधी संविधान सभेचे सदस्य. डिसेंबर १९४६ मधे नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव, म्हणजे संविधान कशासाठी हे सांगणारा ठराव, मांडला तेव्हा जयकरांनी भर सभेत सांगितलं की मुस्लिम लीग आणि संस्थानांचे लोक अजून आलेले नाहीत, त्यांच्यासाठी थांबा. त्यांना विरोध झाला, पण ठराव शेवटी पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ ला पास झाला. पुढे जयकरांनी राजीनामा दिला. इकडे बाबासाहेब बंगालमधून निवडून गेलेले, फाळणी ठरली आणि त्यांची जागाच गेली, तेव्हा मुंबई प्रांतातून जयकरांच्या त्याच रिकाम्या जागेवर जुलै १९४७ मधे त्यांना निवडून आणलं गेलं. ऑगस्टअखेर ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. मला तरी या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घडामोड वाटते, आणि शाळेत ती कुणीच सांगत नाही.

बाकी स्वारगेटचा जेधे चौक ज्यांच्या नावाचा ते केशवराव जेधे संविधान सभेत होते, काकासाहेब गाडगीळ होते, शंकरराव देव होते. गोखल्यांनी पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू पण होते.

आणि अजून एक, २६ नोव्हेंबरला नुसती मंजुरी मिळाली असं नाही. कलम ३९४ बघा, त्यात लिहिलंय की काही कलमं ताबडतोब लागू, बाकीची दोन महिन्यांनी. ताबडतोबवाल्यात ३२४ होतं, म्हणजे निवडणूक आयोग, आणि ५ ते ९, म्हणजे नागरिक कोण. ही घाई का होती ते पुण्याशेजारच्या पिंपरी कॅम्पकडे बघून कळतं, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं सगळं मागे टाकून तिथे आलेली, आणि आपण आता कुठल्या देशाचे हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. कलम ६ नं त्याचं उत्तर दिलं: तुम्ही, आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापैकी कुणीही अखंड भारतात जन्मलेलं असेल आणि १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन तुम्ही इथेच राहत असाल तर तुम्ही भारताचे नागरिक, नंतर आला असाल तर सहा महिने राहून अर्ज करायचा आणि नोंदणी करून घ्यायची. हे सगळं २६ जानेवारीपर्यंत न थांबता २६ नोव्हेंबरलाच लागू झालं.