सिग्नलला उभं राहण्यापेक्षा निघणं महाग

दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम निघाली. सिग्नल लागला की इंजिन बंद करा, एवढंच तिचं म्हणणं. ते बरोबरच आहे. तापलेलं इंजिन पुन्हा चालू करायला साधारण दहा सेकंद नुसतं चालू ठेवण्याइतकंच पेट्रोल लागतं. त्यापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद केलेलं परवडतं. पण यातून एक समजूत पक्की झाली, की चौकातला धूर म्हणजे उभ्या गाड्यांचा धूर.

जरा हिशोब करू. एक टन वजनाची छोटी कार ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ११ मीटरने येतेय. शाळेतलं सूत्र लावलं (वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग) तर तिच्यात सुमारे ६२ किलोज्यूल गतिज ऊर्जा आहे. ब्रेक दाबला की जवळजवळ सगळी ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात जाते. सिग्नल सुटल्यावर ती पुन्हा कमवायची. शहरात पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता २० टक्के धरली तर त्यासाठी सुमारे ३१० किलोज्यूलचं पेट्रोल जाळावं लागतं, म्हणजे जेमतेम १० मिलिलिटर. हीच कार जागेवर उभी राहून तासाला पाऊण लिटरच्या आत-बाहेर पिते, म्हणजे सेकंदाला ०.२ मिलिलिटर. भागाकार केला की ५० सेकंद येतात. एकदा थांबून पुन्हा वेग घेणं म्हणजे जवळपास ५० सेकंद इंजिन चालू ठेवून उभं राहणं. १५ टनांच्या बसला हाच एक थांबा ८०-९० मिलिलिटर डिझेलला पडतो. ब्रेक आणि टायर झिजून उडणारी धूळ वेगळीच.

म्हणून हुशार सिग्नलचं काम वाट पाहण्याचे सेकंद वाचवणं हे दुय्यम. थांबे किती वाचले ते मोजायचं.

थांबे वाचतात ते दोन चौकांतल्या वेळेच्या फरकाने. या धंद्यात त्याला ऑफसेट म्हणतात. ‘अ’ आणि ‘ब’ चौकांत ४०० मीटर अंतर आहे आणि गाड्यांचा घोळका सेकंदाला १० मीटरने येतो. मग ‘अ’ हिरवा झाल्यावर बरोबर ४० सेकंदांनी ‘ब’ हिरवा करायचा. घोळका न थांबता निघून जातो. इथवर सोपं आहे. गंमत परतीच्या गाड्यांची. दोन्ही चौकांचं आवर्तन, म्हणजे एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ, ११० सेकंदांचं आहे आणि मुख्य रस्त्याला त्यात ४५ सेकंद हिरवा मिळतो असं धरा. ‘ब’वरून ४०व्या सेकंदाला निघालेला उलटा घोळका ‘अ’ला ८०व्या सेकंदाला पोचतो. तिथला हिरवा ४५लाच संपलाय, पुढचा ११०ला. तीस सेकंद उभे राहा. आता आवर्तन ८० सेकंदांचं करून पाहा: ८०व्या सेकंदालाच ‘अ’चा नवा हिरवा सुरू होतो आणि उलटा घोळकाही विनाअडथळा जातो. नियम असा, की दोन्ही दिशा साधायच्या तर दोन चौकांतला प्रवासाचा वेळ आवर्तनाच्या निम्मा, किंवा निम्म्याच्या पटीत हवा.

आता पुढे २५० मीटरवर ‘क’ चौक आहे. प्रवास २५ सेकंदांचा, म्हणजे आवर्तन ५० सेकंदांचं हवं. चारही बाजूंना पाळीपाळीने सोडणाऱ्या चौकात ते बसतच नाही, कारण दर पाळीला गाड्या हलायला आणि चौक रिकामा व्हायला मिळून चारेक सेकंद वाया जातात. चार पाळ्यांचे १६. पन्नासातले १६ गेले तर उरलं काय? म्हणून तडजोड करतात: सकाळी शहरात येणाऱ्यांना सलग हिरवा, संध्याकाळी जाणाऱ्यांना. पुण्यात फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता ही एकेरी जोडी आहे. तिथे परतीची कटकटच नाही, त्यामुळे असं जुळवणं कागदावर तरी सर्वांत सोपं. रस्त्यावर मात्र मध्येच थांबणारी रिक्षा किंवा दुहेरी पार्किंग घोळका विस्कटून टाकते, आणि चौक एकमेकांपासून ८००-९०० मीटरच्या पुढे गेले की घोळका आपोआपच पसरतो.

ठरलेल्या वेळापत्रकाचा दोष असा की रहदारी वेळापत्रक वाचत नाही. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात ‘स्कूट’ ही प्रणाली तयार झाली, सिडनीत त्याच सुमारास ‘स्कॅट्स’. स्कूट गाड्या मोजून हिरव्याची वेळ आणि ऑफसेट दर वेळी थोडेच सेकंद सरकवते. एकदम उडी मारली तर अख्ख्या रस्त्याचा ताल जातो. आकडे पळवणाऱ्या टायमरचं आणि या पद्धतीचं त्यामुळे फारसं जमत नाही: ऐन वेळी हिरवा वाढवायचा तर टायमरला खोटं बोलावं लागतं.

मोजायचं कसं? अनेकांना वाटतं डांबराखाली वजनकाटा असतो. तसं नाही. डांबरात करवतीने दीड-दोन मीटरची चौकोनी खाच पाडून तांब्याच्या तारेचे तीन-चार वेढे टाकतात आणि वरून रसायन ओतून बुजवतात. तारेत उच्च वारंवारतेचा प्रवाह खेळत असतो. वर धातूचा पत्रा आला की त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात, वेटोळ्याचं प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला होणारा त्याचा विरोध) घटतं, वारंवारता वाढते आणि सिग्नलच्या पेटीतल्या यंत्राला कळतं. वेटोळ्याच्या मधोमध उभ्या स्कूटरचा पत्रा इतका कमी की ती निसटते. तिचं चाक तारेवरच असेल तर सापडते. खाच जेमतेम काही सेंटिमीटर खोल असल्याने रस्ता खरवडून नवा केला की तार तुटते. मग यंत्र एक तर ‘कायम गाडी उभी’ समजतं किंवा ‘कुणीच नाही’. नीट बसवलेली प्रणाली हा बिघाड ओळखून जुन्या वेळापत्रकावर येते. कॅमेऱ्यांना ही अडचण नाही, पण पावसात ओल्या रस्त्यावर पडलेला हेडलाइटचा उजेड त्यांना गाडी वाटू शकतो आणि पुढच्या बसमागची रांग दिसत नाही. ती चौकात उभ्या हवालदाराला दिसते. म्हणूनच तो सिग्नल हातात घेतो, आणि एका चौकातली त्याची बरोबर कृती पुढच्या तीन चौकांचा ऑफसेट मोडते.

आता ‘एआय’ची बातमी. गुगलचा ‘ग्रीन लाइट’ प्रकल्प कोलकाता, हैदराबाद आणि बंगळुरूतही आहे. तो सिग्नल स्वतः चालवत नाही. मॅप्समधल्या प्रवासाच्या नोंदींवरून वेळा कशा बदलाव्यात हे सुचवतो, बदल तिथला अभियंता करतो. रस्ता खणावा लागत नाही, हा मोठा फायदा. २०२३ मध्ये कंपनीचा आकडा होता: थांबे ३० टक्क्यांपर्यंत कमी, चौकातलं उत्सर्जन १० टक्क्यांपर्यंत कमी. बातमीत ‘पर्यंत’ गळतं आणि ‘चौकातलं’ही, मग शहराचं प्रदूषण १० टक्क्यांनी घटलं असं छापून येतं. तरी चौकात हवा शुद्ध करण्याची यंत्रं बसवण्यापेक्षा हे शतपट बरं. शंभर मीटर रुंद चौकात, दहा मीटर उंचीपर्यंतची, सेकंदाला एक मीटर सरकणारी हवा धरली तर तासाला ३६ लाख घनमीटर हवा येऊन जाते. त्यापुढे हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पंखा म्हणजे समुद्र उपसायला घेतलेली वाटी.

आणि पुढचाच चौक तुंबलेला असेल तर हिरव्याचा काही उपयोग नाही. गाड्या जायच्या कुठे? अशा वेळी मागचा सिग्नल मुद्दाम लाल ठेवून गाड्या बाहेरच अडवाव्या लागतात, आणि ते सांगायला कुणी धजावत नाही.

खरा लाभ बसला प्राधान्य देण्यात आहे. जीपीएसवरून बस आठ सेकंदांवर आहे असं कळलं की हिरवा तेवढा लांबवायचा. पन्नास माणसांची गाडी थांबत नाही. पण बसथांबा चौकाच्या आधी असेल तर सगळं फसतं: तिकिटं, चढउतार, सुटे पैसे यांत किती वेळ जाईल हे यंत्राला सांगता येत नाही, आणि लांबवलेला हिरवा दारं उघडी असतानाच संपून जातो. थांबा चौक ओलांडून पलीकडे हलवला की तेच यंत्र काम करू लागतं.