आरपीजीमधले सर्व्हिस प्रोग्राम

आयबीएमच्या एएस/४०० (आताचं आयबीएम आय) मशीनवर आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोसीजर (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) वेगळ्या मॉड्यूलमध्ये (कंपाइल केलेल्या कोडच्या भागात) ठेवून अनेक प्रोग्रामनी वापरायच्या, त्यासाठी जे ऑब्जेक्ट बनवतात त्याला सर्व्हिस प्रोग्राम म्हणतात. तो स्वतः थेट कॉल होत नाही, त्यातल्या एक्स्पोर्ट केलेल्या, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना खुल्या ठेवलेल्या प्रोसीजर होतात.

याची सुरुवात नेमकी कधीपासून धरायची यावर एकमत नाही. काहीजण १९९३ च्या आसपास आलेलं आयएलई हे मॉड्यूल जोडून प्रोग्राम बनवायचं वातावरण धरतात, पण तेव्हा त्यात सी भाषा होती, आरपीजी नव्हती. काही १९९४ चं आरपीजी फोर, म्हणजे भाषेची नवी आवृत्ती, धरतात. पण स्वतःचे लोकल व्हेरिएबल असलेली सबप्रोसीजर आणि प्रोटोटाइप (प्रोसीजरचं नाव आणि पॅरामीटर सांगणारी घोषणा) व्ही३आर६ आणि व्ही३आर२ या रिलीजमध्ये, साधारण १९९५-९६ मध्ये आले, त्यामुळे आरपीजीपुरती तीच सुरुवात मानणं जास्त पटतं. त्याआधी बीईजीएसआर-ईएक्सएसआर या आज्ञांनी लिहायची आणि चालवायची सबरूटीन होती, तिचे सगळे व्हेरिएबल ग्लोबल, म्हणून तेच व्याजाचं गणित दहा प्रोग्राममध्ये कॉपी-पेस्ट झालेलं सापडायचं.

खरी गुंतागुंत सिग्नेचरची. प्रोग्राम बाइंड होताना, म्हणजे सर्व्हिस प्रोग्रामशी जोडला जाताना, त्या सर्व्हिस प्रोग्रामची सिग्नेचर (एक्स्पोर्टच्या यादीची ओळखखूण) त्याच्यात नोंदवली जाते आणि चालताना ती जुळली नाही तर एमसीएच४४३१ एरर येतो. एक्स्पोर्टला ऑल ठेवलं असेल तर नवीन एक प्रोसीजर टाकली तरी सिग्नेचर बदलते आणि जुने प्रोग्राम पडतात, म्हणून बाइंडर लँग्वेज या त्यासाठीच्या छोट्या भाषेमध्ये एक्स्पोर्टची यादी हाताने लिहितात. इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतो जुनी यादी प्रीव्हियस म्हणून तशीच ठेवा आणि वर नवी करंट यादी लिहा, दुसरा म्हणतो सिग्नेचर स्वतःच ठरवून कायमची फिक्स करा. दुसरी पद्धत आटोपशीर खरी, पण एक्स्पोर्ट नावाने नाही तर यादीतल्या क्रमांकाने सापडतं, त्यामुळे कोणी नवं नाव मध्येच घुसवलं तर जुना प्रोग्राम बिनबोभाट भलतीच प्रोसीजर कॉल करतो. नवीन नाव शेवटीच टाकायचं, ही शिस्त दोन्हीकडे लागतेच, पण ती मोडल्यावर पहिल्या पद्धतीत चूक लपण्याचा धोका कमी.

शिवाय ही सिग्नेचर आपोआप बनते तेव्हाही फक्त नावं आणि त्यांचा क्रम बघते, पॅरामीटर बघत नाही. समजा ग्राहक कोड ६ अक्षरांचा होता तो १० चा केला आणि कॉल करणारे प्रोग्राम पुन्हा कंपाइल केले नाहीत, तर सिग्नेचर जुळते, एरर येत नाही, पण पॅरामीटर बाय रेफरन्स म्हणजे नुसता पत्ता जात असल्यामुळे प्रोसीजर शेजारच्या मेमरीतले ४ बाइट पण वाचते, आणि त्यात लिहिलं तर शेजारचं व्हेरिएबल खराब! म्हणून प्रोटोटाइप एकाच कॉपी मेंबरमध्ये (इतर सोर्समध्ये ओढून घ्यायच्या मजकुरात) ठेवून मॉड्यूल आणि कॉलर दोघांनीही तोच घ्यायचा, म्हणजे निदान कंपाइल करताना तरी भांडण लागतं.

मॉड्यूलला नोमेन हा शब्द लिहिला की आरपीजीची सायकल (नोंदी आपोआप वाचत जाणारा भाषेतलाच ठरलेला क्रम) त्यात येत नाही. प्रोग्राममध्ये मॉड्यूल थेट कॉपी करूनही बाइंड करता येतं, पण मग दुरुस्ती केली की प्रत्येक प्रोग्राम अपडेट करावा लागतो. २०१३ पासून आयबीएम आय ७.१ च्या टीआर७ या सुधारणा-संचामुळे प्रोसीजर डीसीएल-प्रोक असं फ्री फॉर्ममध्ये, म्हणजे ठरावीक रकान्यांच्या बंधनाशिवाय, लिहिता येते, बाइंडिंगचे नियम मात्र तेच राहिले.