हात थांबला, पण नटाचं काय?

दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचे खेळ सुरू होतात आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या होतकरू फोटोग्राफरांचा एक ठरलेला प्रश्न कानावर येतो : "भाऊ, ५० एमएमच्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही म्हणते. मग रात्रीच्या नाटकाचे फोटो हलणार नाही का?" शंका रास्त आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५च्या किट लेन्समध्ये हाताचा हादरा मारायची ही सोय सहसा असते, आणि वेगळे पैसे मोजून घेतलेल्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्समध्ये नेमकी नसते.

आधी हाताचं बघू. हात कितीही घट्ट धरला तरी सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरतो. त्यात श्वासाबरोबरचं डुलणं आणि बटण दाबतानाचा हिसका. यामुळे कॅमेरा किंचित कोनात फिरतो, आणि फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) जितकी जास्त तितकं ते फिरणं सेन्सरवर मोठं होऊन उमटतं. लांब बांबू मनगटात जरासा वळवला की टोक हातभर फिरतं, तसं. ताडोब्यात ४०० एमएमने वाघ टिपणाऱ्याचा हात जेवढा हलतो तेवढाच ५० एमएमवाल्याचा हलला, तर त्याच कॅमेऱ्यावर फोटोतली हालचाल आठपट कमी भरते. कॅननने १९९५ साली एसएलआर कॅमेऱ्यांसाठी पहिली स्टॅबिलायझेशनची लेन्स काढली तीही ७५-३०० एमएमची, ती उगाच नाही.

फिल्मच्या काळापासून एक ठोकताळा चालत आलाय : शटर निदान '१ भागिले फोकल लेंथ' इतकं वेगवान हवं. ५० एमएमला १/५० सेकंद. आपल्याकडे बहुतेकांकडे असतात त्या एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीहून लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यांना १/७५ ते १/८० धरा. २४ मेगापिक्सेलचा फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघायची सवय असेल तर त्याच्याही दुप्पट.

आता मांडवात या. समजा रंगमंचावरच्या उजेडात किट लेन्स ५५ एमएमला, एफ/५.६वर (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), १/१५ सेकंद मागतेय. हाताने धरून हे जमणार नाही. पण स्टॅबिलायझेशन चार स्टॉपचं (दर स्टॉपला शटरचा वेळ दुप्पट) असेल तर १/८०वरून १/५पर्यंत खाली उतरायची मुभा मिळते, म्हणजे १/१५ आरामात. मागचा पडदा, खांब, पेटीवाल्याची पेटी, सगळं स्वच्छ येईल. पण लावणी सुरू आहे. नर्तिकेचा हात सेकंदाला एक मीटर वेगाने फिरतोय असं धरलं, तर १/१५ सेकंदात तो जवळजवळ ७ सेंटिमीटर पुढे गेला. पाच मीटरवरून ५० एमएमच्या आसपास ती हालचाल सेन्सरवर सुमारे ०.६७ मिलिमीटर भरते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत १७० पिक्सेल. हाताच्या जागी नुसता फराटा. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, तिचा नाही.

तोच आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठेवून ५० एमएम एफ/१.८ लावा. एफ/५.६च्या मानाने जवळपास दहापट उजेड आत येतो, म्हणून शटर १/१५ऐवजी १/१५०वर जातं. नर्तिकेच्या हाताचा फराटा १७० पिक्सेलवरून १७वर. आणि खरी गंमत अशी की १/१५० हे आपल्या ठोकताळ्याच्या दुप्पट वेगवान आहे, त्यामुळे तुमच्या हाताचाही बंदोबस्त त्यातच झाला. नाटकाच्या फोटोंसाठी म्हणूनच मी स्टॅबिलायझेशन नसलेली ५० एमएम लेन्स डोळे झाकून घ्यायला सांगतो.

मग ही सोय कंपन्या देतच का नाहीत? लेन्समधलं स्टॅबिलायझेशन म्हणजे हादरा ओळखणारे जायरो सेन्सर आणि त्याप्रमाणे आडवा सरकणारा भिंगांचा एक गट. एफ/१.८ला भिंगं रुंद लागतात; ती सरकवायला जोर लागतो आणि मध्यरेषेवरून हलली की कडांचा नेमकेपणा बिघडू शकतो. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम फक्त सहा भिंगांची आणि १६० ग्रॅमची आहे, तिच्यात हा संसार बसवायचा कुठे? अशक्य नाही म्हणा. टॅमरॉनने २०१५ साली ४५ एमएम एफ/१.८ स्टॅबिलायझेशनसह काढली. ती अर्ध्या किलोच्या वर गेली, अर्थात ते सगळं वजन काही स्टॅबिलायझेशनचं नव्हे.

स्टॅबिलायझेशनची गरज पडते ती वस्तू जागची हलत नसेल तेव्हा. वैनगंगेकाठच्या मार्कंड्यासारख्या जुन्या देवळात, अंधाऱ्या मंडपातला कोरीव खांब घ्या. दोन मीटरवरून एफ/१.८ला जेमतेम ११-१२ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. बाकी नक्षी धूसर. एफ/८ केलं की खोली अर्ध्या मीटरवर जाते, पण उजेड वीसपट घटतो आणि शटर रेंगाळतं. खांब काही लावणी करत नाही, तेव्हा इथे स्टॅबिलायझेशनचे चार स्टॉप पुरेपूर वसूल होतात. ते नसेल तर ट्रायपॉड, तोही चालत नसेल तर भिंतीला खांदा टेकवायचा आणि लागोपाठ चार-पाच फोटो काढायचे. बटण दाबण्याचा हिसका पहिल्या फोटोत जातो, मधला एखादा हमखास बरा निघतो.

व्हिडिओचं गणित मात्र वेगळंच. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०च ठेवतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुकही त्यात दिसत नाही. प्रत्येक फ्रेम सुटी पाहिली तर ठीक असते, पण एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत चित्र नाचत राहतं, आणि एफ/१.८चा उजेड त्यावर काहीच करू शकत नाही. नाटक हातात धरून चित्रित करायचं असेल तर पैसे लेन्सऐवजी बॉडीत घाला. ऑलिंपसच्या ई-एम५ने २०१२मध्ये सेन्सरच पाच अक्षांत हलवून हादरा मारायची सोय आणली, आता ती बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत मिळते. मग साधी पन्नास लावा नाहीतर वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची जुनी लेन्स अडॅप्टरने चढवा, दोन्हींना तिचा फायदा होतो. जुन्या लेन्सला फक्त मेनूत जाऊन फोकल लेंथ ५० एमएम हाताने भरावी लागते, नाहीतर सेन्सर किती सरकवायचा याचा कॅमेऱ्याचा हिशेब चुकतो.