रोज पुसलेली गाडी नवी राहते?

रोज सकाळी ओलं फडकं मारलं की गाडी नवीकोरी राहते, हा समज पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं पक्का बसलाय. खरं तर रंगाची वाट लागते ती याच फडक्याने. वाघोली-हिंजवडीच्या बांधकामांवरून येणारी धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात वाळूचे बारीक, कठीण कण असतात. आणि रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)! धुळीवर फडकं दाबून फिरवलं की हे कण तो थर ओरबाडतात. काळ्या बॉनेटवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे तिथूनच येतात.

आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. मग कार शाम्पू आणि मायक्रोफायबरचं मऊ फडकं, छपरापासून खाली; फडकं खळबळायला दुसरी बादली हवीच. भांड्यांचा साबण नको, तो रंगावरचं संरक्षक वॅक्स उतरवतो. पाणी कमी असेल तर रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली बरी.

आतही तेच. सीटच्या रुळांत अडकलेला वेफर्सचा चुरा, मॅटखालची सिंहगडाची माती आधी ब्रशने मोकळी करून व्हॅक्युमने ओढा. कापडी सीटवर आधीच ओलं फडकं फिरवलंत, तर त्या धुळीचा चिखल होऊन तो कापडात मुरतो.