पोलिसांना तपास दिला, पण कुठल्या कलमाखाली?

मॅजिस्ट्रेटने तपास पोलिसांकडे पाठवला की फिर्यादीला वाटतं चला, झाला एकदाचा एफआयआर! थांबा, ऑर्डरवर कलम कुठलं आहे ते आधी बघा. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) १५६(३) आणि २०२, म्हणजे १ जुलै २०२४ पासून त्याजागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १७५(३) आणि २२५. तपास हा शब्द दोन्हीकडे आहे पण कामं अगदी वेगळी.

१७५(३) ला कोर्टाने गुन्ह्याची दखल अजून घेतलेलीच नसते, म्हणजे प्रकरण स्वतः चालवायला घेतलेलं नसतं. पोलीस स्टेशनने ऐकलं नाही, एसपींना कळवूनही काही हललं नाही, मग प्रतिज्ञापत्र जोडून हा अर्ज करायचा आणि ऑर्डर झाली की एफआयआर, जप्ती, गरज पडली तर अटक, शेवटी चार्जशीट नाहीतर समरी (प्रकरण बंद करायचा रिपोर्ट), सगळं पोलिसांच्या हातात.

२२५ ही त्यापुढची पायरी. खाजगी, म्हणजे थेट कोर्टात केलेल्या फिर्यादीची दखल घेऊन झालेली असते (आता त्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे नवीन आहे) आणि मॅजिस्ट्रेटना एवढंच ठरवायचं असतं की आरोपीला प्रोसेस (समन्स किंवा वॉरंट) काढण्याइतकं यात काही आहे का. त्यासाठी ते स्वतः चौकशी करतात, साक्षीदार शपथेवर तपासतात, किंवा पोलिसांकडून रिपोर्ट मागवतात. इथे एफआयआर नाही, चार्जशीट नाही, आणि पोलिसांना अटकही करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ साली रामदेव फूडच्या निकालात स्पष्ट केलंय. फिर्याद पुण्यात आणि आरोपी नागपूरचा, म्हणजे हद्दीबाहेरचा असेल तर प्रोसेसआधी ही चौकशी करावीच लागते. आणि गुन्हा फक्त सेशन्स कोर्टात चालणारा असेल तर पोलिसांकडे पाठवताच येत नाही, फिर्यादीचे सगळे साक्षीदार मॅजिस्ट्रेटसमोरच.

म्हणून २२५ लागलं की हातावर हात ठेवून बसू नका, कागद आणि साक्षीदार तयार ठेवा, कारण फिर्याद टिकणार की २२६ खाली (जुनं २०३) फेटाळली जाणार ते यावरच ठरतं. पोलिसांचा रिपोर्ट विरोधात आला तरी तो मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक नाही. शिक्षा होईल का हे या टप्प्यावर बघायचंच नसतं, पुढे जायला पुरेसा आधार आहे का एवढंच बघायचं, हे सुप्रीम कोर्ट १९६३ पासून सांगतंय. आणि फेटाळलीच तर थोडक्यात का होईना कारणं लिहावी लागतात. फेटाळल्याच्या ऑर्डरच्या तारखेपासून ९० दिवसांत सेशन्स कोर्टात रिव्हिजन (ऑर्डर तपासून बघायचा अर्ज) करा, त्याच गोष्टीवर दुसरी फिर्याद फक्त अपवादात्मक परिस्थितीतच चालते.