लोकसंख्यांची तुलना (राज्ये, देश व महानगरे)

दोन किंवा अधिक प्रदेशांतील रहिवाशांच्या संख्या शेजारी ठेवून त्यांचा क्रम, प्रमाण व वाढ ताडून पाहण्याची पद्धत. जनगणना, जन्म-मृत्यूंची नोंदणी आणि त्यांवरून बांधलेले अंदाज हे तिचे आधार. ‘उत्तर प्रदेश हा देश असता तर’ अशा वाक्यांतून ही तुलना स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपासून वर्तमानपत्रांच्या चौकटींपर्यंत सगळीकडे भेटते. आकडा कोणत्या हद्दीचा, कोणत्या तारखेचा आणि कोणाला धरून, हे मात्र त्या चौकटीत सहसा नसते. देशांच्या बाबतीत एक वेळ ते चालून जाते, शहरांच्या बाबतीत नाही.

राज्य आणि देश यांची जोडी जुळवण्यासाठी महाराष्ट्र व मेक्सिको हे नमुनेदार उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. मेक्सिकोच्या २०१० च्या जनगणनेतील आकडा ११,२३,३६,५३८. फरक अडतीस हजारांहूनही कमी, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा. पण मेक्सिकोचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक आहे. त्यामुळे महाराष्ट्रात दर चौ. किमी.ला ३६५ माणसे, तर तिथे साठहून कमी. बेरीज जुळली तरी जमीन, पाणी, रस्ते यांवरचा ताण जुळत नाही.

तारखांची गफलत त्याहून फसवी. २०११ मध्ये उत्तर प्रदेशात १९.९८ कोटी लोक होते आणि ब्राझीलच्या २०१० च्या जनगणनेत सुमारे १९.०८ कोटी, म्हणून उत्तर प्रदेश मोठा. तोच आकडा ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेसमोर (सुमारे २०.३ कोटी) ठेवला की क्रम उलटतो. प्रत्यक्षात मधल्या काळात उत्तर प्रदेशही थांबलेला नव्हता, फक्त त्याची मोजणी झालेली नव्हती. भारताची २०२१ ची जनगणना लांबली आणि १ मार्च २०२७ हा पुढचा संदर्भ दिनांक जाहीर झाला. त्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले ही गाजलेली बातमी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजावर आधारलेली होती, शिरगणतीवर नव्हे. चीनने मात्र २०२० मध्ये घरोघर जाऊन १४१ कोटी माणसे मोजली होती, आणि त्यात हाँगकाँग, मकाव व तैवान धरलेले नाहीत.

काही ठिकाणी मोजणीच राजकारणात अडकते. लेबननमध्ये पंथनिहाय सत्तावाटपाला धक्का लागेल म्हणून १९३२ नंतर अधिकृत जनगणना झालेली नाही. नायजेरियाच्या २००६ च्या जनगणनेत लागोस राज्याला सुमारे ९० लाख लोकसंख्या मिळाली. राज्य सरकारच्या स्वतःच्या गणनेत ती पावणेदोन कोटींच्या घरात होती. एकाच वर्षी, एकाच हद्दीत जवळजवळ दुप्पट! अशा आकड्यांवर जागतिक क्रमवारीतले स्थान ठरवणे धाडसाचेच.

कोणाला मोजायचे याचे उत्तरही देशागणिक वेगळे असते. काही देश माणूस जिथे सापडेल तिथे मोजतात, काही त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी. भारताची पद्धत या दोहोंच्या मधली असून २०११ मध्ये बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकण्यात आली. कतार व संयुक्त अरब अमिरातीत बहुसंख्य रहिवासी परदेशी आहेत, तेव्हा ‘रहिवासी’ म्हणायचे की ‘नागरिक’ यावर त्या देशांचा आकार कित्येक पटींनी बदलतो.

खरा गोंधळ महानगरांचा. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत २०११ मध्ये १.२४ कोटी लोक होते, तर ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर वगैरे धरून होणाऱ्या नागरी समूहात १.८४ कोटी. वसई-विरार त्यातही नाही. ते स्वतंत्र मोजले गेले. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की कागदावरची मुंबई संपते, लोकलने जाणाऱ्याला ती रेघ दिसतही नाही. कोलकात्यात तफावत याहून मोठी आहे : महानगरपालिका ४५ लाख, नागरी समूह १.४१ कोटी. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. एकही माणूस घर न बदलता शहर वाढले.

उलट टोकाला चीनमधील चोंगचिंग आहे. २०२० मध्ये ३.२ कोटी लोकसंख्येमुळे ते अनेक याद्यांत जगातले सर्वांत मोठे शहर म्हणून झळकते, पण त्या ‘शहरा’चे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौ. किमी., म्हणजे जवळजवळ ऑस्ट्रियाएवढे असून त्यात डोंगर, शेते व खेडीही येतात. लंडनचा मूळ गाभा असलेल्या ‘सिटी’त २०२१ मध्ये नऊ हजारांहून कमी रहिवासी होते, बृहत् लंडनमध्ये सुमारे ८८ लाख. टोकियोच्या २३ प्रभागांत सुमारे ९७ लाख, टोकियो प्रांतात १.४ कोटी आणि सलग महानगर प्रदेशात साडेतीन कोटींच्या आसपास लोक राहतात. यांपैकी कोणता आकडा मुंबईच्या कोणत्या आकड्यासमोर ठेवायचा, हे ठरवल्याशिवाय केलेली यादी निरर्थक आहे.

यावर तोडगा म्हणून जमीन एक चौ. किमी.च्या चौकोनांत विभागण्याची पद्धत पुढे आली आणि २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने तिला मान्यता दिली. प्रत्येकी किमान १,५०० लोकवस्तीचे सलग चौकोन मिळून किमान ५० हजार लोक भरले, तर ते शहर. पालिकेची हद्द कुठेही असो. २०२५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात हे माप लावताच वर्षानुवर्षे पहिल्या असलेल्या टोकियोची जागा सुमारे ४.२ कोटींच्या जकार्ताने घेतली, ढाका दुसरे ठरले आणि टोकियो तिसऱ्या क्रमांकावर गेले.

देशांतर्गत तुलनेला थेट किंमत असते. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेनुसार प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यांत नव्याने वाटल्या जातात. भारतात मात्र कुटुंबनियोजन राबवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवले, आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.